कापूस ‘वाचायचा’ राहिलाय

प्रश्न : सर, माझं सेलूला ई-सेवा केंद्र आहे. अर्ज लिहायला आणि लोकांच्या व्हॉइस मेसेजवरून मजकूर काढायला दोन एआय ॲप वापरून पाहिली. दोघांना पाच-पाच प्रश्न विचारले. एकाचे सगळे बरोबर आले, त्याला पाच स्टार; दुसऱ्याला तीन. वर्षाचे पैसे भरायच्या आधी विचारतो, हे मोजमाप बरोबर आहे का? — एक वाचक, जि. परभणी

उत्तर : दोघांना प्रश्न तेच विचारले होते का, हे तुम्ही लिहिलं नाही. निराळे विचारले असतील तर स्टार पुसून टाका.

मी लातूरला बावीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. गाइडमधलाच प्रश्न आला की पोरगं हुशार आहे का नुसतं पाठांतर पक्कं, ते कळत नाही. या ॲपचंही तसंच. इंटरनेटवरचा ढीगभर मजकूर वाचून ती तयार झालेली. गाजलेल्या चाचण्यांचे प्रश्न उत्तरांसकट त्यात येऊन गेलेले असू शकतात. म्हणून प्रश्न तुमच्या काउंटरवरचे घ्या, वीस-पंचवीस तरी. आणि नमुना उत्तर आधी लिहून ठेवा. ॲपचं उत्तर वाचल्यावर आपल्यालाही तेच बरोबर वाटायला लागतं.

माझ्या भावाचा एक व्हॉइस मेसेज मी दोन ॲपला ऐकवला : ‘पाऊस यायलाय, कापूस येचायचा राहिलाय.’ एकानं बरोबर लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, ‘कापूस वाचायचा राहिलाय.’ पुण्याच्या बातम्या ऐकवल्या असत्या तर दोघंही पास झाले असते! तुमच्याकडं येणारी माणसं जशी बोलतात, तसाच आवाज द्या. मागं मोटारसायकल वाजत असली तरी चालेल.

एकच प्रश्न तीनदा विचारा, दरवेळी नवी चॅट उघडून. ‘१ हेक्टर २१ आर म्हणजे किती एकर?’ उत्तर जवळपास ३ एकर. एका ॲपनं मला दोनदा बरोबर सांगितलं अन् तिसऱ्यांदा घोळ घातला. एकदाच विचारून सोडलं असतं तर त्याला पूर्ण गुण गेले असते.

एक प्रश्न फसवा ठेवा. मी मनानंच एका योजनेचं नाव रचलं आणि कागदपत्रं विचारली. एकानं ‘अशी योजना सापडत नाही’ म्हटलं. दुसऱ्यानं यादी दिली, वर शेवटची तारीखही! अशाला मी शून्य देत नाही, वजा गुण देतो. ती यादी घेऊन म्हातारी माणसं तहसीलला हेलपाटे घालतात.

तपासताना नावं झाका, बोर्डात आसन क्रमांक झाकतात तशी. उत्तरं कागदावर काढा, अ आणि ब लिहा, तपासायला दुसऱ्याला द्या. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या मंडळींनी २०२३ मध्ये चॅटबॉट अरेना नावाची वेबसाइट सुरू केली. दोन एआयची उत्तरं शेजारी ठेवून कुठलं चांगलं ते लोकांना विचारतात, तिथंही नाव झाकूनच मत घेतात. तरी लांबलचक, ठळक मथळ्यांच्या उत्तरांना जास्त मतं पडायला लागली, म्हणून पुढं त्यांना त्याचा वेगळा हिशेब धरावा लागला. पुरवण्या जोडल्या म्हणून गुण देणारे परीक्षक आमच्यातही होते.

अर्ज आणि आवाज यांचे गुण एकत्र करू नका. तुमचं पाच स्टारवालं ॲप आवाजात नापास असेल तर बेरजेत ते दडून जाईल. फुकटचं ॲप पैसेवाल्याशी लावू नका. तारीख लिहा, अपडेट आलं की पुन्हा तपासा.

आणि गिऱ्हाइकाचा खरा आधार नंबर चाचणीत घालू नका, आकडे बदलून घ्या.