शेजारचं पोरगं आणि तुझं पुणं

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शेजारच्या मागवाल्यांचं, त्या कन्नड विणकरांचं, पोरगं शाळा सुटली की दप्तर घरात टाकतं आणि दिवेलागणीपर्यंत तुमच्याच सोप्यात असतं, आई आता कुरकुरायला लागलीय, आणि तुझी पुण्याची नोकरी तर पक्की झाली. ‘याचं काय करू?’ असं विचारलंस.

त्याची गट्टी तुझ्या एकटीशी आहे, ती तुमच्या घराशी व्हायला हवी. तू गेल्यावरही त्याला तुमच्या दारात यायला निमित्त उरलं पाहिजे. म्हणून त्याला पाहुणा करून ठेवू नकोस. बिस्किटाचा पुडा हातात देऊन टीव्हीसमोर बसवलंस, की तू गेल्यावर तो येणार कशाला? त्यापेक्षा लसूण सोलू दे, तांदळातले खडे काढू दे, बाबांबरोबर दुधाला जाऊ दे. आईची कुरकुरही त्यानंच कमी होईल. लसूण सोलून देणाऱ्यावर कोण किती दिवस चिडणार!

आता त्याच्या आईचं. आपल्या बेळगावच्या वडगावात यंत्रमाग चालू असला की त्या खडखडाटात बोललेलं काही ऐकू येत नाही, तेव्हा जाऊ नकोस. लाईट गेली की माग थांबतात, बाया बाहेर कट्ट्यावर येऊन बसतात. तेव्हा जा. पोरगं आमच्याकडे असतं, सातला घरी पाठवतो, चालेल ना, एवढंच विचार. तुझं कन्नड मोडकं आहे हे मला ठाऊक आहे (वर्गात माझ्यासमोरच मोडलंय), तिचं मराठीही तसंच असेल. भागतं. पण तिला न विचारता तिच्या पोराला रोज जेवू घालत राहिलीस, तर ते तिला टोचेल. कधी तिनं कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी पाठवली तर ‘कशाला हो त्रास’ म्हणत बसू नकोस. पोरासमोर खा, आणखी मागून घे. आपली आईही या घराला काही देते, हे त्याला दिसू दे.

१ नोव्हेंबर येईल. त्यांच्याकडे कर्नाटक राज्योत्सव, आपल्या मराठी माणसांकडे १९५६ ला बेळगाव कर्नाटकाकडे (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेलं तेव्हापासूनचं दुखणं आणि काळा दिन. बाबा फेरीला जातात, जाऊ देत, मत लपवायचं कारण नाही. पण त्या संध्याकाळी सोप्यात बसून मोठी माणसं तोंडाला येईल ते बोलतात, ते या पोराला कळतं. सगळं कळतं. बाबांच्या कानावर तेवढं घाल. आणि ‘तू आमचा की त्यांचा?’ हे गमतीतसुद्धा कुणी विचारायचं नाही.

एक वेगळं सांगून ठेवते. अंगावर वळ दिसले, घरी जायची वेळ झाली की पोरगं कापायला लागलं, तर शेजारधर्म पुरत नाही, सरळ १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन लाव. तुझ्या पत्रावरून तसं काही वाटत नाही. आईबाप पोटामागे धावतायत, इतकंच.

जायची तारीख ठरली की त्याला तू स्वतः सांग, बॅगा भरलेल्या बघून कळायला नको. रोज फोन करीन असं कबूल करू नकोस. रविवारी करीन म्हण. आणि तो तुझ्या आईच्या मोबाइलवर कर, म्हणजे बोलायला त्याला तुमच्याच घरी यावं लागेल.

तुझ्या,
बाई