परतीची वाट ज्याची त्याने पाहायची

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ठरल्यापेक्षा साडेचार तास उशिरा गुहेतून बाहेर आलात, ओल्या जीन्समध्ये तू कुडकुडत होतास, हेडलॅम्पचा उजेड काजव्याएवढा उरला होता आणि दुसरा दिवा म्हणून जो फोन नेला होतास त्यात ८ टक्के चार्जिंग होतं. यातल्या कशाचंच मला नवल वाटलं नाही. मला झोंबलं ते तुझं शेवटचं वाक्य. ‘मी घाबरलो म्हणून ट्रिप वाया गेली असं दादा म्हणतो. त्याचं खरं असेल का?’

नाही. त्या फटीपाशी तू ‘आता पुढे नको’ म्हणालास, तेवढंच त्या दिवसात शहाणपणाचं घडलं. एवढं सांगून तो विषय मी संपवते, कारण पत्राच्या मध्यावर तू आणखी एक वाक्य सहज लिहून गेला आहेस. ‘रस्ता दादाला माहीत होता, त्यामुळे मी काही लक्ष दिलं नाही.’ मला रागवायचंय ते यावर.

मी २३ वर्षांची असताना अशाच एका दादाच्या मागे गुहेत उतरले. त्याच्या जमेला तीसेक गुहा, माझ्या जमेला शून्य. माझं सगळं लक्ष त्याच्या पाठीवरच्या लाल सॅकवर. ती वळली की मी वळायचे, ती वाकली की मी वाकायचे. तिसऱ्या फाट्याच्या पुढे ओल्या दगडावरून त्याचा पाय सरकला आणि गुडघा फिरला. ‘तू बाहेर जा, माणसं घेऊन ये,’ म्हणाला. मी निघाले आणि दहा मिनिटांत एका दालनात येऊन उभी राहिले. समोर तीन तोंडं, तिन्ही सारखीच काळी. त्यातल्याच एकातून मघाशी आम्ही आलो होतो. पण त्या दालनातून पुढे जाताना मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. जाताना जो खडक जिभेसारखा पुढे आलेला दिसतो, तोच परतताना सपाट भिंत होऊन बसतो. हे मला तेव्हा, तिथे कळलं. माझ्या दिव्यात सेल घरातल्या भिंतीवरच्या घड्याळातले काढून घातले होते. उजेड पिवळा पडायला लागला तशी मी त्याला हाका मारत, त्याच्या आवाजाच्या मागावर परत त्याच्याकडेच गेले.

बाहेर कोणाला सांगून आलो नव्हतो, त्यामुळे वाट बघत बसण्यातही अर्थ नव्हता. मग तो निघाला. उभं राहता येत नव्हतं, म्हणून बसल्या बसल्या, हातांवर शरीर ओढत. चढ आला की तो सॅकचा पट्टा दातांत धरायचा आणि मी खालून त्याचा पाय उचलून धरायचे. आत जायला दीड तास लागला होता, बाहेर यायला अकरा. तो गुडघा पुढे कधी नीट वाकला नाही आणि तो पुन्हा कुठल्या गुहेत उतरला नाही. मला त्याने एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

म्हणून सांगते, परतीची वाट ज्याची त्याने पाहायची. दादा कितीही मुरलेला असो. जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत जून २०१४ मध्ये हजारेक मीटर खोलीवर दगड कोसळून एकाच्या डोक्याला मार लागला. तो त्या गुहेत वर्षानुवर्षं काम केलेला माणूस होता. दगडाला ते माहीत नसतं. बरोबर दोघे होते. एक त्याच्यापाशी थांबला आणि दुसरा एकटा, बारा तासांच्या आसपास चढत, बाहेर आला. खबर पोचली तेव्हा कुठे सातशेहून जास्त माणसं कामाला लागली आणि अकरा दिवसांनी त्याला जिवंत वर आणलं. बातम्यांमध्ये त्या सातशेंचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. मी मात्र त्या एकट्याने वर चढलेल्या माणसाचा विचार करत राहते. त्याच्या जागी तू असतास तर? त्याच्या जागी २३ वर्षांची मी असते तर?

वाट पाहायची म्हणजे काय, तर प्रत्येक फाट्यावर थांबायचं, पूर्ण मागे वळायचं आणि आलो ती बाजू परतणाऱ्याच्या डोळ्यांनी बघायची. दादा पुढे गेला तर जाऊ दे, हाक मारून थांबव. त्याला कंटाळा आला तर येऊ दे. बाकीची तयारी यातूनच सुचते. परतीचा विचार करणारा माणूस तीन स्वतंत्र दिवे नेतो, कारण आतल्या अंधाराला डोळे कधीच सरावत नाहीत, तिथे उजेडाचा कणच नसतो. तो सुती कपडे घालत नाही, कारण ओलं सूत अंगातली ऊब शोषून घेतं आणि थकवा येतो तो परततानाच. हेल्मेट डोक्यावर घट्ट बसतं का, हे तो बाहेरच बघतो. आणि बाहेरच्या एका माणसाला तो लिहून देतो की अमुक गुहा, अमुक वेळेला बाहेर येणार, तमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलव. थायलंडच्या थाम लुआंगमध्ये २३ जून २०१८ ला १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पाण्यामुळे अडकले. ते आत आहेत हे कळलं ते संघातला एक मुलगा बरोबर गेला नव्हता म्हणून, आणि तोंडाशी सायकली उभ्या होत्या म्हणून. तुमच्या सायकली कुठे होत्या? कोणाला माहीत होतं?

मला लोक हेकट म्हणतात. मध्यंतरी चौघांना मी गुहेच्या तोंडावरून परत पाठवलं, कारण एकाकडे एकच दिवा होता आणि ‘ताई, तुम्ही आहात ना’ असं म्हणून तो हसला. ते हसू मला सहन झालं नाही. माझी बरीच वर्षांची जोडीदारीण त्या दिवशी माझ्यावर चिडली. चौघांचा एवढा प्रवास फुकट गेला, माझ्याकडे जास्तीचा दिवा होता, तो त्याला देता आला असता, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून ती माझ्याबरोबर येत नाही. दिवा होता, खरं आहे. पण दिवा दिला असता तर त्याने माझीच सॅक बघत चालायचं ठरवलं असतं, आणि मी पडले असते तर? मी बरोबर केलं. रात्री कधी तिची आठवण येते तेव्हाही मला वाटतं, बरोबरच केलं.

तुझा दादा वाईट नाही, मला कळतं. त्याला तू आवडतोस म्हणूनच त्याने नेलं. पुन्हा बोलावलंय तर जरूर जा, गुहा सोडू नकोस. आत पाण्याने लाखो वर्षं कोरलेल्या भिंतीवर हात ठेवल्यावर काय वाटतं ते तू पत्रात लिहिलं आहेस, तो भाग वाचताना मी थांबले होते.

फक्त त्याला फोन करण्याआधी एक काम कर. कोरा कागद घे आणि तोंडापासून त्या फटीपर्यंतचा नकाशा आठवणीने काढ. फाटे कुठे, पाणी कुठे, कुठे वाकलात, कुठे सरपटलात. दादाला विचारू नकोस. आठवत नाही तिथे कागद कोरा ठेव आणि तसाच मला पाठव.

तुझी,
ताई