सुरुवात टिपणवहीपासून

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

मुलांनी प्रकल्पात एकच परिच्छेद जसाच्या तसा उतरवून आणल्याचे तू कळवलेस आणि काय शिक्षा द्यावी, असे विचारलेस. शिक्षा नको, मूळ उतारा आणि मुलाचे लेखन शेजारी ठेव, जुळणारी वाक्ये त्यालाच अधोरेखित करू दे आणि तेवढा भाग पुन्हा लिहून घे.

खरी अडचण त्याच्या बरीच आधी, टिपणे काढताना उद्भवते. मूल पुस्तकातले वाक्य वहीत उतरवते, अवतरणचिन्हे देत नाही, पृष्ठक्रमांक टिपत नाही आणि काही दिवसांनी वही उघडल्यावर ते वाक्य आपलेच आहे असे त्याला अगदी प्रामाणिकपणे वाटते. म्हणून पानाच्या माथ्यावर लेखक, पुस्तक वा संकेतस्थळ आणि पृष्ठक्रमांक लिहिल्याखेरीज मजकुराची एक ओळही लिहायची नाही, अशी सवय लाव. मग परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचे, शेजारच्याला तो तोंडी सांगायचा आणि जे सांगता आले तेवढेच लिहायचे; पुस्तक पुन्हा उघडायचे ते नावे, सने व आकडे पडताळण्यापुरते.

एवढे करूनही काही मुले वाक्यरचना तशीच ठेवून चार शब्द बदलतील. अमेरिकी अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी 1990च्या दशकात अशा ठिगळलेखनाकडे निव्वळ लबाडी म्हणून न पाहता शिकण्याची एक पायरी म्हणून पाहावे, असे मांडले, आणि मला ते पटते. उतारा पुरता समजला नसला की मूल त्यातल्या शब्दांना घट्ट धरून राहते. तिथे दटावण्यापेक्षा उतारा पुन्हा समजावणे उपयोगी पडते.

स्वतःच्या शब्दांत लिहिले की श्रेय द्यावे लागत नाही, हा गैरसमज मोठ्यांमध्येही आढळतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, याला संदर्भ लागत नाही. पण कोणाचे मत, मोजणी वा युक्तिवाद घेतला, तर शब्द कोणाचेही असोत, नाव द्यावेच लागते. परवानगी आणि श्रेय यांतला फरकही सांग: विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली वापरता येतो, परंतु त्या परवान्यातच श्रेय देण्याची अट आहे.

आणि तू मुलांना देतोस तो प्रश्नही तपासून पाहा. 'ज्वालामुखीची माहिती लिहा' याचे उत्तर पुस्तकात तयारच असते. त्याऐवजी एकाच उद्रेकाविषयीचे दोन उतारे दे आणि ते कुठे जुळत नाहीत व त्यांपैकी कोणावर विश्वास ठेवावासा वाटतो, हे कारणासह विचार.

कळावे, लोभ असावा.