माओरी लोक मूळचे कुठले आणि त्यांच्या परंपरेतून आज काय घेता येईल?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: माओरी, म्हणजे युरोपीय येण्याआधीपासून न्यूझीलंडमध्ये राहणारे लोक, मूळचे कुठले, आणि त्यांच्या ‘प्राचीन ज्ञाना’चा आजच्या माणसाला काय उपयोग. मी माओरी नाही; न्यूझीलंडमध्ये राहणारा मराठी माणूस आहे आणि येथे जे वाचले, ऐकले व पाहिले त्यावरून उत्तर देत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. नदी, जंगल किंवा मूल यांची जबाबदारी नेमकी कोणावर, हे ही परंपरा फार काटेकोरपणे ठरवते आणि मला तिच्यात सर्वांत मोलाचे हेच वाटते. आपल्याकडे मात्र तिच्यातली सुभाषिते तेवढी पोहोचतात.

प्रथम मुळाविषयी. माओरींच्या बाबतीत ‘प्राचीन’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो, कारण माणसाने अगदी शेवटी वसवलेल्या मोठ्या भूभागांपैकी न्यूझीलंड हा एक आहे. प्रशांत महासागरातील आजची सोसायटी बेटे, कुक बेटे आणि त्यांच्या आसपासचा पूर्व पॉलिनेशिया येथून माओरींचे पूर्वज साधारणपणे इ.स. १२५० ते १३०० च्या दरम्यान येथे पोहोचले. म्हणजे देवगिरीवर यादवांचे राज्य होते त्या सुमारास. माओरी परंपरा त्या मूळभूमीला हवाइकी म्हणते आणि ताइनुई, ते आरावा, माताआतुआ अशा नौकांची नावे सांगते. आजही अनेक जमाती आपली ओळख त्या नौकांपासून सुरू करतात. त्याहून मागे गेल्यास भाषा आणि पुरातत्त्व यांचा धागा सामोआ-टोंगामार्गे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या तैवानपर्यंत पोहोचतो.

दोन होड्या शेजारी शेजारी जोडून केलेल्या शिडाच्या नौकेतून, कोणत्याही यंत्राशिवाय, तारे, लाटांची दिशा आणि पक्ष्यांची ये-जा पाहून हा प्रवास झाला. हे प्रवास वाऱ्याने भरकटल्यामुळे घडले असावेत, असे विसाव्या शतकाच्या मध्याला काही अभ्यासक मानत. परंतु १९७६ साली मायक्रोनेशियातील जाणते नाविक माउ पिआइलुग यांनी ‘होकुलेआ’ ही पारंपरिक बांधणीची नौका जुन्याच पद्धतीने हवाईहून ताहितीला नेली आणि १९८५ साली तीच नौका न्यूझीलंडलाही येऊन पोहोचली. आणखी जुना पुरावा १७६९ सालचा आहे. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजावर तुपाइया हा सोसायटी बेटांपैकी राइआतेआ बेटावरचा पुरोहित-नाविक होता. तो न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर उतरून स्वतःच्या भाषेत बोलला आणि माओरींना त्याचे बोलणे समजले. शतकानुशतके संपर्क तुटलेला असूनही बोली इतक्या जवळच्या राहिल्या होत्या.

भारतीय वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर आवश्यक वाटते, कारण ‘माओरी मूळचे भारतातले’ अशा अर्थाचे संदेश अधूनमधून फिरत असतात. या कल्पनेला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १८८५ साली वेलिंग्टनमध्ये एडवर्ड ट्रेगिअर या गृहस्थांनी माओरी हे आर्य असल्याचे सांगणारे पुस्तकच प्रसिद्ध केले आणि ज्या लोकांनी कधी गाय पाहिली नव्हती त्यांच्या शब्दांत संस्कृतातील गायीच्या खुणा शोधून दाखवल्या. आज कोणताही गंभीर भाषाशास्त्रज्ञ ते मानत नाही. दुसरा दाखला दिला जातो तो तमिळ अक्षरे कोरलेल्या एका जुन्या जहाजी घंटेचा. ही तुटकी घंटा एकोणिसाव्या शतकात विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला माओरींकडे सापडली. माओरी तिच्यात बटाटे शिजवीत होते. ती आता वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ संग्रहालयात आहे. मोहिद्दीन बक्ष याच्या जहाजाची घंटा, असा तिच्यावरील मजकूर आहे. एवढ्यावरून एखाद्या व्यापारी जहाजाची घंटा कशीतरी दक्षिणेकडे येऊन पडली इतकेच म्हणता येते. लोकसमूहाचे मूळ त्यातून सिद्ध होत नाही.

आता ज्ञानाकडे वळतो. त्याचा कणा म्हणजे ‘फाकापापा’, अर्थात वंशावळ. मात्र ती माणसांपाशी थांबत नाही. आकाशपिता रांगिनुई आणि धरणीमाता पापातूआनुकू एकमेकांना घट्ट बिलगून होते, त्यांच्या मुलांपैकी ताने याने त्यांना दूर सारले आणि जगात प्रकाश आला, अशी सृष्टिकथा आहे. अरण्य तानेचे, समुद्र तांगारोआचा, वादळे ताफिरिमातेआची, आणि माणूस याच कुळातला. त्यामुळे झाड, मासा व डोंगर हे नात्यातले ठरतात आणि नात्याबरोबर कर्तव्यही येते. औपचारिक सभेत माओरी माणूस स्वतःचे नाव सांगण्याआधी आपला डोंगर, आपली नदी आणि आपली नौका सांगतो. आपल्याकडे लग्न जुळवताना मूळ गाव आणि कुलदैवत विचारतात, त्याच प्रकारची ही विचारपूस आहे, फक्त ती प्रत्येक महत्त्वाच्या भेटीत होते.

हे शहाणपण जन्मजात होते असे समजण्याचे मात्र कारण नाही. माओरी आले तेव्हा येथे मोआ नावाचे प्रचंड, उडता न येणारे पक्षी होते. शिकारीमुळे ते सुमारे दीडशे वर्षांत नामशेष झाले आणि जंगलाचा मोठा भागही आगींत गेला. निसर्गाला जपण्याचे पुढचे कडक नियम काही अंशी या अनुभवातून घडले असावेत, असे मला वाटते आणि म्हणूनच मला ते अधिक विश्वसनीय वाटतात.

अशा नियमांतील ‘राहुई’ पाहा. एखादे ठिकाण किंवा तेथील मासे, शिंपले, झाडे यांवर ठरावीक काळ बंदी घालायची, आणि ती बंदी त्या भूमीशी नाते असलेल्या जमातीने जाहीर करायची, अशी ही प्रथा आहे. कोणी समुद्रात बुडून मेले तर तेवढा किनारा काही काळ मासेमारीसाठी बंद होतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ऑकलंडजवळच्या वाइताकेरे डोंगररांगांतील कौरी वृक्ष बुटांच्या मातीतून पसरणाऱ्या रोगाने मरू लागले असताना ते कावेराउ आ माकी या जमातीने संपूर्ण जंगलावर राहुई घातली. सरकारी बंदीची वाट त्यांनी पाहिली नाही. नगरपालिकेने जंगल बंद केले ते पुढच्या वर्षी.

कालगणनेचाही उल्लेख करतो. चांद्रमासातील प्रत्येक रात्रीला नाव असून पेरणी, मासेमारी, विश्रांती यांसाठी कोणती रात्र बरी हे ठरलेले असते. तिथी पाहणाऱ्यांना हे परके वाटणार नाही. ऐन हिवाळ्यात पहाटे पूर्वेला मातारिकी, म्हणजे आपल्या कृत्तिका, पुन्हा दिसू लागल्या की नवे वर्ष. २०२२ पासून ती राष्ट्रीय सुट्टी आहे आणि सरत्या वर्षात गेलेल्यांची नावे त्या पहाटे घेतली जातात.

आरोग्य आणि कुटुंब या क्षेत्रांत परंपरेचा उपयोग सर्वाधिक सरळ दिसतो. मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८० च्या दशकात आरोग्याची कल्पना चार भिंतींच्या घरासारखी मांडली: शरीर, मन, कुटुंब आणि आत्मिक बाजू. एक भिंत खचली तर घर डळमळते. न्यूझीलंडमध्ये परिचर्येच्या विद्यार्थ्यांनाच नव्हे, शाळकरी मुलांनाही हे शिकवतात. १९८९ च्या कायद्याने तर अडचणीत सापडलेल्या किंवा गुन्हा केलेल्या मुलाबाबत आजी-आजोबा, काका-मामा यांच्यासह सर्वांना एकत्र बसवून मार्ग ठरवण्याची पद्धत अधिकृत केली, आणि पुढे अनेक देशांनी ती उचलली. तरीही सरकारी देखरेखीखालील मुलांत आणि तुरुंगातील कैद्यांत माओरींचे प्रमाण आजही फार मोठे आहे. युरोपीय वसाहतीच्या काळात माओरींच्या जमिनी गेल्या, १९०७ च्या कायद्याने पारंपरिक जाणकारांच्या कामावर बंदी आली, शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना मार बसला; परंपरेचे कौतुक करताना हा भाग गाळणे मला अप्रामाणिक वाटते.

माझ्या मते सर्वांत विचार करण्याजोगे उदाहरण वांगानुई नदीचे आहे. तोंगारिरोच्या डोंगरांतून निघून सुमारे २९० किलोमीटर वाहणाऱ्या या नदीकाठच्या जमाती ‘मीच नदी आणि नदीच मी’ असे म्हणतात. नदीवरील हक्कासाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकापासून अर्ज केले आणि १९३८ मध्ये सुरू झालेला नदीपात्राच्या मालकीचा दावा दशकानुदशके चालवला. अखेर मार्च २०१७ च्या कायद्याने डोंगरापासून समुद्रापर्यंतची ही नदी, उपनद्यांसह, एक अखंड सजीव अस्तित्व आणि कायदेशीर व्यक्ती ठरली. तिच्या वतीने बोलायला दोन प्रतिनिधी असतात, एक जमातींनी आणि एक सरकारने निवडलेला. वीज प्रकल्पासाठी वरच्या भागातील पाणी वळवणे मात्र चालूच राहिले, कारण आधीचे हक्क कायद्याने अबाधित ठेवले.

योगायोग असा की, त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना कायदेशीर व्यक्ती ठरवले. पालक म्हणून नेमले गेले ते सरकारी अधिकारी आणि राज्याचे महाधिवक्ता. राज्य सरकारनेच त्याला आव्हान दिले. नद्या अनेक राज्यांतून वाहतात, मग पुराच्या नुकसानीची भरपाई कोणाकडे मागायची, असे प्रश्न पुढे आले आणि जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. गंगेला माता मानण्यात आपण कोणापेक्षा कमी नाही. वांगानुईच्या काठी मात्र कायदा होण्याआधी जवळजवळ दीड शतक त्या नदीसाठी भांडणारी, एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे होती आणि कायद्याने त्यांच्या हाती अधिकार दिला. आपल्या गावच्या ओढ्यासाठी किंवा नदीसाठी माओरींकडून काही घ्यायचे असेल, तर मी आधी अशी माणसे कोण आहेत ते शोधीन आणि त्यांना ग्रामसभेत त्या पाण्याविषयी बोलण्याचा हक्क कसा मिळेल ते पाहीन.