सध्या तुम्ही कोणतं पुस्तक वाचताय आणि इतरांनी ते का वाचावं?

बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकरांची, धनगरांच्या वाडीत आलेल्या मास्तरची कादंबरी. पाच महिने झाले वाचतोय, अजून संपली नाही.

खरं तर उत्तर इथंच संपलं. पण प्रश्नाखाली तुम्ही 'शक्यतो या महिन्यात वाचलेल्या पाच पुस्तकांची यादी द्या' असं जे लिहिलंय ना, ते वाचून माझं डोकं फिरलं. तुमचा दोष नाही, तुम्ही सहज विचारलं असणार, पण हाच प्रश्न मला डिसेंबरात भिलारमध्ये आमच्या साडूंनी चारचौघांत विचारला होता आणि तेव्हा मी गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं अजून पचलेलं नाही. आता तुम्ही सापडलाय तर ऐका.

मी सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे, बावीस वर्षं झाली. हळदीचा सीझन असला की सकाळी सौदे, मग काटा, मग शेतकऱ्यांच्या पट्ट्या, श्वास घ्यायला वेळ नसतो. दुपारी दीडच्या सुमाराला तेवढं जरा निवांत. आमच्याकडचे दोन हमाल, तात्या आणि बापू, वखारीच्या दारात पोत्यांच्या सावलीला भाकरी सोडतात, मी पण डबा घेऊन तिकडंच जातो. चार वर्षांपूर्वी एकदा जेवण झाल्यावर मी वाचत बसलो होतो आणि एकटाच हसलो, तर तात्या म्हणाला, "एकटंच काय हसताय दिवाणजी, आमास्नी बी सांगा की." तात्याला वाचता येतं, चौथी झालीय, पण बारीक अक्षर दिसत नाही आणि चष्मा करायला सांगून मी थकलो. तर तेव्हापासून रोज तीन-चार पानं मोठ्यानं वाचायची असा रिवाजच पडला. सीझनला कधी दोनच होतात, कधी नाहीच.

पहिली घेतली फकिरा. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुका. १९५९ ची कादंबरी, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली, ती अर्पणपत्रिका मी वाचली तेव्हा बापूनं हात धुवून येतो म्हणून सांगितलं आणि मग नीट मांडी घालून बसला. ती संपेपर्यंत जेवणाच्या सुट्टीत बापू एकदा पण चहाला बाहेर गेला नाही. मग मी जोरात आलो, म्हटलं आता ययाति घेऊ, खांडेकर सांगलीत जन्मलेले, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांचं, आपल्या गावचा माणूस. आठव्या दिवशी तात्या म्हणाला, "ह्या राजाला दुसरं काय काम न्हाई व्हय?" झालं, पुस्तक बंद. खांडेकरांच्या चाहत्यांनी माझ्यावर चिडू नका, तात्यावर चिडा.

आणि दिवाळीत बनगरवाडी काढली. तात्या आटपाडीकडचा, धनगर. माडगूळकरांचं माडगूळ त्याच तालुक्यात. आता पुस्तकातली गंमत अशी आहे की ते आहे दीडशे पानांच्या आतलं, पण तात्यासमोर ते दीडशे पानांचं राहत नाही. अर्धी ओळ वाचली की थांबवतो. कुठं मेंढरं रानात बसवायचा विषय आला तर एक अख्खी जेवणाची सुट्टी शेतकऱ्याच्या रानात कळप रात्रभर कसा बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किती घ्यायचं, कुठला पाटील त्यात फसवायचा, कुठला वर गूळ द्यायचा, यातच गेली. त्या दिवशी पुढं एक शब्द वाचला नाही. पण मला विचाराल तर त्या दिवशी जेवढं वाचन झालं तेवढं वर्षात झालं नसेल.

गावातले लोक तालीम बांधतात आणि तिच्यासाठी राजाला बोलावतात तो भाग आहे ना, तिथं तर दोन दिवस गेले. कारण तो भाग तेव्हा औंध संस्थानात. औंध आता सातारा जिल्ह्यात, आटपाडी सांगलीत, पण तेव्हा सगळं औंधच्या राजांचं, पंतप्रतिनिधींचं. भवानराव पंतांना सूर्यनमस्काराचं केवढं वेड होतं ते आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांना अजून माहीत आहे. मी पुस्तक उघडून बसलोय आणि तात्या म्हणतोय, "आमच्या आज्यानं पंत सरकाराला बघितल्यालं, शाळंत पोरांस्नी नमस्कार घालाय लावायचं." मग बापूनं विचारलं आज्यानं घातले का नमस्कार. तर नाही, आजा मेंढरांमागं.

हे सगळं लक्षात ठेवा आणि आता भिलारला चला.

आमचे साडू पुण्यात असतात, कंपनीत मोठ्या पोस्टवर आहेत. मोबाईलमध्ये एक ॲप आहे त्यांच्या, वर्षाला बावन्न पुस्तकांचं टार्गेट लावलंय, संपलं की टिक करायची. दर रविवारी स्टेटसला फोटो, पुस्तक, शेजारी कॉफीचा मग, मागं एक कुंडी. ती कुंडी पण मी ओळखतो आता. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून पाचगणीला जायचं ठरलं, ते पुण्याहून, आम्ही सांगलीहून पेठ नाका-कराड करत, आणि वाईत भेटलो. वाईत चहा पिताना मी म्हटलं, इथंच मराठी विश्वकोश झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केला. तर म्हणाले, "अच्छा, इथं? वा." आणि चहाचा फोटो काढला. बावन्न पुस्तकवाला माणूस. असो.

पसरणी घाट चढून भिलारला पोचलो. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी जरूर बघा, पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं, वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून सुचलेलं, पण इथली पद्धत आपली. लोकांच्या राहत्या घरात पुस्तकं ठेवलीत, एका घरात कादंबऱ्या, दुसरीकडं कविता, कुठं चरित्रं, जायचं, चप्पल काढायची, बसून वाचायचं. पैसे नाहीत. आणि बाहेर रानात स्ट्रॉबेरी. मला ते इतकं आवडलं की मी बायकोला म्हटलं, रिटायर झाल्यावर इथं येऊन पोथी वाचल्यासारखा बसणार.

कादंबरीच्या घरात साडूंनी कपाटातनं सात पुस्तकं काढली, एकावर एक रचली, खिडकीच्या उजेडात फोटो काढला आणि तशीच ठेवून पुढच्या घरात. ती पुस्तकं त्या घरच्या काकूंनी न बोलता परत जागच्या जागी लावली, मला लाज वाटली, मी दोन लावू लागलो तर त्यात बनगरवाडी निघाली. म्हणून मी तिथंच ओट्यावर बसून वाचायला लागलो. पुढचं नव्हे, मागचंच, आमचं जिथवर झालं होतं तेवढंच, कारण पुढं गेलो असतो तर ते बरोबर दिसलं नसतं, ती दोघं सांगलीत थांबलीत आणि हा इकडं एकटाच पुढं गेला.

तेवढ्यात सगळी परत आली. साडू म्हणाले, "साडूभाऊ, सध्या काय वाचताय?" मी पुस्तक वर करून दाखवलं. "अजून बनगरवाडीच? दिवाळीत पण हेच सांगितलं होतं की! मी कॉलेजात असताना एका दुपारी संपवलेली." सगळी हसली. माझी मुलगी पण हसली, ते जरा लागलं. आणि मेहुणी म्हणाली, "अहो, दाजी कामात असतात ना, त्यांना कुठला वेळ." त्या दयेपेक्षा ते हसणं परवडलं.

मी काय बोललो? काही नाही. "हां, हळूहळू चाललंय." बस. परत येताना स्ट्रॉबेरीच्या गाड्यावर मी सहज म्हणून विचारलं, तुम्हाला त्यातलं काय आवडलं? तर म्हणाले, "त्यावर अमोल पालेकरांचा पिक्चर आहे ना, ९५ चा, चांगलाय." साल बरोबर होतं. पुस्तकातल्या आयबूचं नाव काढलं तर म्हणाले, कोण?

तर माझं स्पष्ट मत. 'सध्या काय वाचताय' हा प्रश्न आता 'पगार किती' सारखा झालाय. विचारणाऱ्याला तुमचं पुस्तक नको असतं, तुम्हाला कुठल्या खणात ठेवायचं ते ठरवायचं असतं. इंग्रजी नाव घेतलं की वरचा खण, जुनं मराठी म्हटलं की 'अजून तेच'. आणि म्हणून लोक सरळ खोटं बोलतात, मी पण बोललोय, एका लग्नात मी न वाचलेल्या पुस्तकाबद्दल पाच मिनिटं बोललो आणि समोरचा मान हलवत होता, त्यानं पण वाचलं नव्हतं हे नंतर कळलं. याच्या उलट तात्या रोज डबा उघडायच्या आधी विचारतो, "कुठवर आलं हो?" मला तेवढाच प्रश्न खरा वाटतो. त्याचं उत्तर द्यायला पुस्तक उघडावंच लागतं.

पूर्वी हे आपोआप कळायचं, विचारायची गरज नव्हती. आमच्या सांगलीचं नगर वाचनालय १८६९ चं, वडिलांची वर्गणी होती, मी सायकलवर जाऊन पुस्तक बदलून आणायचो. मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असायची, तिच्यावरनं कळायचं की हे पुस्तक सहा महिने कुणी नेलं नाही किंवा रांगेनं लोक नेतायत. आणि आत पेन्सिलनं शेरे. एका रहस्यकथेच्या दुसऱ्याच पानावर कुणीतरी 'खुनी डॉक्टर आहे' लिहून ठेवलं होतं, त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. २०१९ च्या महापुरात वाचनालयात पाणी शिरलं, हजारो पुस्तकं गेली, त्यात ते डॉक्टरचं पुस्तक पण गेलं असणार. वाचनालय परत उभं राहिलं, पण ते पेन्सिलवाले गेले.

आता एवढं बोललो तर दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे नाहीतर बायको वाचेल आणि संध्याकाळी माझं काही खरं नाही. साडू माणूस वाईट नाही. त्याच महापुरात आमच्या घरात पाणी आलं तेव्हा नऊ दिवस आम्ही त्यांच्या फ्लॅटवर होतो, त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही कधी जाताय. आणि वर्षाला बावन्न वाचणारे खरे वाचक पण असतात, माझ्या माहितीत एक आहेत, रिटायर मास्तर. आणि साडू गाडी चालवताना दीडपट स्पीडनं पुस्तकं ऐकतात त्याला मी पूर्वी नावं ठेवायचो, पण मग तात्या तरी काय करतो, ऐकतोच की. फक्त तात्या मधे थांबवतो. ॲपला थांबवून 'मेंढरं अशी बसत न्हाईत' म्हणता येत नाही, एवढाच माझा मुद्दा.

तुमचा दुसरा प्रश्न, इतरांनी का वाचावं. वाचावं म्हणजे काय, माणदेश माहीत नसेल तर वाचा, माहीत असेल तर नक्की वाचा. पोरगेला मास्तर पहाटेचा चालत वाडीत येतो, शाळा बंद, पोरं मेंढरांमागं, आणि मग हळूहळू तो त्यांचा होतो. कुठंही भारी भाषा नाही, एका वाक्याला चिकटून दुसरं. एकट्यानं वाचू नका असं मी म्हणणार होतो पण ते जरा जास्तच होईल. निदान कुणीतरी मधे थांबवणारं शेजारी असलं तर बघा. पाचाची यादी माझ्याकडं नाही, फकिरा धरली तर दोन, ययाति अर्धी.

आणि पाच महिने का लागले त्याचं एक कारण मी साडूंना सांगितलं नाही, तात्याला पण नाही. मी हे पुस्तक आधी तीनदा वाचलंय. शेवटी काय होतं मला माहीत आहे, पाऊस जातो, मेंढरं मरतात, वाडी उठते. तात्या १९७२ च्या दुष्काळात आईबापाबरोबर आटपाडी सोडून इकडं आला, आठ वर्षांचा होता, बरोबर तीन मेंढरं होती ती वाटेतच विकली. हे त्यानंच सांगितलंय, त्या मेंढरं बसवायच्या दिवशी, भाकरी खाताखाता, सहज. त्यामुळं गेले पंधरा दिवस मी पुढं सरकलोच नाही. कधी सौदे लांबले म्हणून सांगितलं, कधी घसा धरला, आणि दोनदा तालमीचाच भाग परत वाचला, बापूला नीट ऐकू आला नव्हता म्हणून.

काल तिसऱ्यांदा वाचायला घेतला. तात्यानं पाण्याची बाटली खाली ठेवली आणि म्हणाला, "दिवाणजी, हळदीचा सीझन सरस्तवर ही तालीमच बांधत बसनार व्हय?"

बापू हसला. मी म्हटलं, बघू. उद्या यार्डाला सुट्टी आहे.