विंडोज एक्सपीच्या पीसीवरून नव्या विंडोज सर्व्हर २०१९ चं शेअर्ड फोल्डर का उघडत नाही?

बहुधा सर्व्हरवर एसएमबी १ नाही, आणि एक्सपीला फाइल शेअरिंगचा तेवढा एकच प्रोटोकॉल (नेटवर्कवर बोलण्याची ठरलेली पद्धत) येतो. म्हणून पिंगला (सर्व्हर नेटवर्कवर आहे का हे बघणाऱ्या चाचणीला) उत्तर मिळतं, पण फोल्डर उघडत नाही. एसएमबी २ व्हिस्टापासून आला, आणि सर्व्हर २०१९ मध्ये एसएमबी १ आपोआप इन्स्टॉल होत नाही. सर्व्हर मॅनेजरच्या फीचर्समधून तो घालता येतो, पण कृपया घालू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच दारातून जगभर पसरला. एक्सपीवाचून एखादं मशीन चालतच नसेल, तर तो पीसी वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. मात्र विंडोज ७ सुद्धा अडत असेल तर कारण दुसरं आहे, कारण त्याला एसएमबी २.१ येतो. तिथे आधी घड्याळ बघा. डोमेनमध्ये (एकाच सर्व्हरवरून लॉगिन सांभाळलं जातं अशा ऑफिस नेटवर्कमध्ये) पीसी आणि सर्व्हरच्या घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक असला की केर्बेरॉस, म्हणजे तिथली ओळख तपासण्याची पद्धत, लॉगिन अडवते.