पासवर्ड बदलला तर घर तुटेल का?

‘मॅडम, पासवर्ड बदलला तर घरच्यांना काय वाटेल?’

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बायका, आणि हल्ली कॉलेजातली मुलंही, हे हमखास विचारतात. आपले मेल कुणीतरी वाचतंय हे त्यांना कळून चुकलेलं असतं. वाचणारं माणूस घरातलंच असतं. राग येतोच, पण त्याहून मोठी धास्ती ही, की आता आपण कुलूप लावलं तर संशयी म्हणून नाव आपलंच होणार.

अशा एका घराबद्दल लिहिते आहे. त्या मुलीची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं, वर्कशॉप उद्यमनगरात. सासरे गेलेले. थोरली नणंद लग्न होऊन कसबा बावड्यात राहते, पण माहेरचा सगळा कारभार तिच्याच हातात. लाइटबिल, बँक, सासूबाईंची औषधं, वर्कशॉपचे कागद. तिला सगळे आक्का म्हणतात, सूनही. सून वाणिज्य पदवीधर, वर्कशॉपचं जीएसटी बघणारी. लग्नानंतर पॅनकार्डावरचं नाव बदलायचं होतं, बँकेत खातं काढायचं होतं. आक्कानंच वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर बसून तिचं ईमेल खातं उघडलं, ओटीपी चुकू नये म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर घातला. यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. नव्या सुनेला आक्कानं मायेनंच मदत केली होती.

पुढे सुनेनं पुण्यातल्या एका कंपनीत अर्ज केला. मुलाखतीचं फक्त नवऱ्याला माहीत. आणि एक दिवस भाकरी वाढताना सासूबाई म्हणाल्या, ‘पुण्यात म्हणं भाडी लई वाढल्यात.’ नंतर चुलतसासूबाईंनी तिच्या थायरॉइडची चौकशी केली. तो रिपोर्ट तर मेलवरच आलेला, छापलासुद्धा नव्हता.

तिनं संशय कुणाचा घेतला? नवऱ्याचा. दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं ना! तो शपथा घेतोय, हिचा विश्वास बसेना. माझ्याकडे आली तेव्हा दोघांचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतं उरलं होतं. मेल वाचण्यानं होणारं हे नुकसान कुणी मोजत नाही. वाचणारा पडद्याआड राहतो आणि खापर फुटतं भलत्याच्याच डोक्यावर, बहुतेकदा सगळ्यात जवळच्या माणसावर. त्यात भर म्हणजे आपल्या डोक्यावरचाच भरवसा उडतो. ‘मीच कुठंतरी बोलून गेले असेन’ असं ती चारचारदा म्हणत होती. न उघडलेले मेल उघडलेले दिसायचे, तर तेही आपल्याच हातून झालं असेल असं तिनं धरलं होतं.

मी तिला तिथंच फोनवर खात्याच्या सुरक्षेचं पान उघडायला सांगितलं. खातं कुठल्या कुठल्या उपकरणांवर चालू आहे याची यादी तिथं असते. यादीत वर्कशॉपचा कॉम्प्युटर होता, आणि त्यांच्या दोघांकडे नसलेल्या कंपनीचा एक फोन. खातं परत मिळवण्यासाठीचा नंबर आक्काचा. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली आणि पहिलं वाक्य बोलली ते नवऱ्याबद्दल, ‘ह्यांनी सांगितलं नव्हतं तर.’

मग राग उसळला. ‘आज रात्री सगळ्यांना बसवते आणि विचारते.’

मी थांबवलं. आपल्याकडे घरची बैठक बसली की काय होतं हे मी पुष्कळ घरांत बघितलं आहे. मेल का वाचले, हा विषय पाच मिनिटांत संपतो. मेलमध्ये काय होतं, यावर दोन तास जातात. ‘पुण्याला जायचं चाललंय आणि आम्हाला पत्ता नाही?’ असं कुणीतरी म्हणतं आणि जिचे मेल वाचले गेले तीच जाब देत बसते. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते. काय वाचलं याच्यावर बोलायचं नाही, जोवर का वाचलं याच्यावर बोलणं झालेलं नाही. कुणी विषय तिकडं नेला तर म्हणायचं, ‘त्याच्यावर मी बोलेन, पण आज नाही.’ त्यापुढं खुलासा करायचा नाही.

आणि बोलण्याच्याही आधी कुलूप. इथं क्रम महत्त्वाचा आहे, कारण नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. नंबर दुसऱ्याचा राहिला तर ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून पुन्हा आत जाता येतं. म्हणून आधी तो नंबर आणि पर्यायी ईमेल आपले करायचे, मग पासवर्ड बदलायचा, मग यादीतली अनोळखी उपकरणं काढून टाकायची, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डाशिवाय आणखी एक खात्री मागणारी सोय, सुरू करायचं. सेटिंगमध्ये मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची सोय असते, तिथं कुणाचा पत्ता घातलेला नाही ना ते बघायचं. वर्कशॉपच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेला असतो, तो पुसायचा. बँकेपासून बाकी बहुतेक खात्यांचे निरोप मेलवरच येतात, त्यामुळं मेल आधी. व्हॉट्सअ‍ॅपमधली जोडलेल्या उपकरणांची यादीही लगेच बघून घ्यावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

हे करताना तिचा हात अडला. ‘हे म्हणजे मी आक्कावर अविश्वास दाखवल्यासारखं नाही का?’ मी विचारलं, तुमच्या न्हाणीघराला आतून कडी आहे? आहे म्हणाली. मग ती लावताना कुणावर अविश्वास दाखवता?

कायद्याचंही तिनं विचारलं. केस करायची नव्हती, आपण चुकत नाही एवढंच तिला कळायला हवं होतं. ते मी स्पष्ट सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा त्यातल्या माहितीत शिरणं येतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नातेवाईक आहे म्हणून या कलमांत सूट लिहिलेली नाही. हे ऐकून तिचे खांदे सैल पडले. घरात हे कलम कुणाच्या तोंडावर फेकायचं नाही, हेही आम्ही ठरवलं.

आधी ती नवऱ्याशी बोलली आणि त्याची माफी मागितली. मग तिच्या इच्छेनं आक्काला माझ्याकडे बोलावलं. आक्का ताठ बसून होती. ‘आण्णा गेल्यापास्नं ह्या घराचं सगळं मीच बघतीया. कोर्टाच्या कागदापास्नं आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनपर्यंत. एवढं बघितलं तर काय झालं? मी काय परकी हाय?’

मी विचारलं, पहिला मेल कधी उघडला?

बराच वेळ ती बोलली नाही. मग सांगितलं. वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर खातं उघडंच होतं, जीएसटीचा एक कागद शोधताना पुण्याच्या कंपनीचं नाव दिसलं. ‘भाऊ पुण्याला गेला तर आईचं कसं? वर्कशॉप इकायचं का? रात्रभर झोप नाय लागली. मग रोजच बघाय लागलो.’

ही भीती खरी होती. सून आणि नवरा दोघांनीही तिची कल्पना केली नव्हती, आणि ती बाहेर आल्यावर खोलीतला आवाजच बदलला. पण भीती खरी होती म्हणून वाचणं बरोबर ठरत नाही, हे मला तिथंच म्हणावं लागलं. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं की धाकट्यांनी विषय सोडून द्यायचा असतो. सुनेनं तो सोडला नाही. ती म्हणाली, ‘आक्का, तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. माझा रिपोर्ट तुम्ही काकींना का सांगितलात?’ आक्का म्हणाली, ‘ते चुकलं.’ पुण्याच्या मेलबद्दल मात्र तिनं चुकलं असं म्हटलं नाही. सुनेनंही ओढून घेतलं नाही.

वर्कशॉपच्या कामासाठी वेगळं ईमेल खातं काढायचं ठरलं, त्याचा पासवर्ड तिघांना माहीत. सासूबाईंची सोय कोण बघणार यावर भावाबहिणीनं समोरासमोर बोलायचं, मेलमधून अंदाज काढायचा नाही. पुण्याच्या नोकरीचा निर्णय नवराबायकोचा. तो काय झाला हे इथं लिहायचं कारण नाही. सुनेला आक्काशी पूर्वीसारखं मोकळं व्हायला वेळ लागतो आहे. मी तिला घाई करायला सांगितलेली नाही. ‘झालं गेलं विसर’ असं सांगणारी माणसं घरात पुष्कळ असतात.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. मेल वाचणारा माणूस मारहाण करणारा असेल, धमकावणारा असेल, तुमचे पैसे आणि फोनही त्याच्याच ताब्यात असतील, तर वर सांगितलेला क्रम जसाच्या तसा वापरू नका. एकदम सगळं बंद झालेलं दिसलं तर धोका वाढू शकतो. आधी विश्वासाच्या माणसाच्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनला बोला, कागदपत्रं आणि जायची जागा ठरवा, हवं तर वेगळ्या फोनवर नवं खातं काढा. जुनं आहे तसं काही दिवस चालू राहू द्या.

आणि वाचणाऱ्यानं कबूलच केलं नाही तर? पुष्कळदा तसंच होतं. तेव्हा पुरावे मांडत वाद घालू नका. ‘माझं खातं दुसरीकडं उघडलेलं दिसलं, मी ते बंद केलंय, यापुढं काही विचारायचं असेल तर मला विचारा,’ एवढं शांतपणे, एकदाच सांगा. नाव घेऊ नका. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि तुमच्या खात्याला तोवर कुलूप लागलेलं असतं.